यात्रा कमिटीवाल्यांनो, एक रात्र फडाची ठेवा

गावोगावच्या यात्रा कमिटीतले अध्यक्ष, खजिनदार, जुनी जाणती मंडळी आणि तरुण मंडळाची सगळी पोरं, तुम्हा सगळ्यांना राम राम.

मी आपल्या उत्तर पुणे जिल्ह्यातलाच, जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यातला, नोकरीमुळे कंपनीच्या पाठीमागे खोली घेऊन राहणारा, पण यात्रेची वर्गणी आणि यात्रेची रजा कधी चुकवत नाही. गुढीपाडवा तोंडावर आलाय, आता गावोगाव बैठका सुरू होतील, ग्रुपवर मेसेज फिरायला लागतील की यंदा कोण आणायचं. म्हणूनच आत्ता लिहितोय, एकदा अॅडव्हान्स गेला की मग बोलून काही उपयोग नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. यात्रेचं बजेट बसवताना आधी सेलिब्रिटीचा आकडा आणि मग उरलेल्या पैशात बाकी सगळी यात्रा, ही जी पद्धत गेल्या काही वर्षांत पडलीय ती यंदा मोडा. निदान एक रात्र तमाशाच्या फडाला द्या, पूर्ण सुपारी (खेळाचे ठरलेले पैसे) देऊन द्या, मानाने द्या.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की हा जुन्या विचारांचा माणूस आहे, पोरांच्या आनंदावर उठलाय. तसं नाही हो. मला पण माहितीये की गावात मालिकेतली हिरोईन येणार म्हटलं की आख्खं गाव दुपारपासून तयार होऊन बसतं, आज्या सुद्धा विचारतात की ती खरंच येणारे का, आणि त्यात वाईट काही नाही. रोज रात्री साडेआठला जिला टीव्हीवर बघतो ती आपल्या मारुतीच्या देवळासमोर उभी राहणार याचं अप्रूप असणारच. आणि रीलस्टार म्हणाल तर ती बरीचशी आपल्यासारख्याच घरातली पोरं आहेत. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण २०२४ ला बिग बॉस मराठी जिंकला तेव्हा आमच्या खोलीवर सगळ्यांना स्वतःचा भाऊ जिंकल्यासारखं झालं होतं. गरीब घरातलं, फार न शिकलेलं पोरगं फोनवरून एवढं वर जातं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण त्या आनंदापायी आपण यात्रेचं काय करून ठेवलंय ते पण बघा ना.

आपल्याकडची यात्रा म्हणजे पहाटे देवाला अभिषेक, मग मांडवडहाळे, शेरणी वाटप, संध्याकाळी पालखी, छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, म्हणजे फडाचा सकाळचा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. दोन दिवस गाव झोपायचं नाही. लेकीबाळी माहेरी आलेल्या, मुंबईकर चाकरमानी आलेले, पाहुण्यांच्या पंगती उठतायत. यात प्रत्येकाला काहीतरी काम होतं, कुणी पालखीला खांदा देतंय, कुणी आखाड्यात पंच आहे, कुणी फडाच्या लोकांच्या जेवणाचं बघतंय. आता सेलिब्रिटी नाइट असली की काय होतं, दुपारपासून स्टेज आणि लायटिंग, पालखी लवकर उरका म्हणून घाई, बाउन्सर, बॅरिकेड, पुढे व्हीआयपी खुर्च्या आणि त्यात कोण तर ज्यांनी फ्लेक्सचे पैसे दिले ते, मागे आपण सगळे फोन वर धरून उभे. मॅडम येतात, तासाभरात तीन-चार गाणी ट्रॅकवर होतात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं आमदारांचा, भाऊंचा, दादांचा सत्कार, आणि गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी गावात विचारलं की काय झालं तर प्रत्येकाकडे तोच हललेला व्हिडिओ. आखाड्याला पैसे कमी पडले म्हणून शेवटची कुस्ती छोट्या रकमेवर लावायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांनी कुणाकडे बघायचं?

बैलगाड्याचं पण तेच होत चाललंय. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा पण कायम ठेवला, एवढी लढाई शेतकऱ्यांनी लढून जिंकली आणि आता शर्यतीच्या घाटात बैलापेक्षा उद्घाटनाला कोण येणार त्याचीच चर्चा जास्त. असो, तो वेगळा विषय आहे, मला तमाशावर बोलायचंय.

आता पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन या. बसस्टँडच्या आसपास फडमालकांच्या राहुट्या लागतात, बाहेर फडाच्या नावाचे बोर्ड, आत वहीत तिथी लिहिलेल्या, आणि कमिटीची मंडळी येऊन सुपारी ठरवतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा जवळजवळ सगळा हिशोब तिथे बसतो. आठमीला, पुनवेला भाव जास्त, मधल्या रिकाम्या दिवसाला कमी. फडमालकाच्या दृष्टीने हे दोन महिने म्हणजे वर्षाची कमाई, कारण दसऱ्याला फड बाहेर पडतो तेव्हापासून तंबू लावून तिकिटावर खेळ करत तो जेमतेम तग धरतो आणि यात्रेच्या सुपाऱ्यांवर कर्ज फेडतो. कर्ज कसलं, तर कलाकारांना हंगामाच्या आधी उचल द्यावी लागते, ती फडमालक व्याजाने पैसे काढून देतो. २०२० आणि २०२१ ला ऐन हंगामात कोरोनाने यात्रा बंद झाल्या तेव्हा ही उचल अंगावर राहिली, कितीतरी कलाकार मजुरीला गेले, कुणी भाजी विकली, काही फड परत उभेच राहिले नाहीत. यात्रा पुन्हा सुरू झाल्यावर हे लोक आपल्याकडे डोळे लावून बसले होते, आणि नेमकं त्याच वेळी आपण सेलिब्रिटीच्या मागे लागलो.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. समजा एका मोठ्या फडाला रात्रीचे दोन लाख दिले. फडात माणसं किती, तर मोठ्या फडात शंभराच्या आसपास. नाचणाऱ्या बायका, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, पेटीवाला, वगातले (तमाशातल्या नाटकातले) नट, स्वयंपाकी, ड्रायव्हर, स्टेज बांधणारी पोरं. ट्रकचं डिझेल, जनरेटर, जेवण काहीच धरलं नाही तरी माणशी दोन हजार पडतात. तेच दोन लाख तासाभराच्या शोला दिले तर ते एका कलाकाराला, मॅनेजरला आणि मधल्या एजंटला. २०२३ मध्ये कीर्तनकार इंदुरीकर महाराज कीर्तनात तीन गाण्यांना तीन लाख असं बोलले होते आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली, पण ती चर्चा चुकीच्या रस्त्याला गेली असं माझं मत आहे. सगळे त्या नाचणाऱ्या पोरीवर, गौतमी पाटीलवर, तुटून पडले. अरे ती तिचं काम करते, गर्दी तिच्या नावावर जमते, ती तिचा भाव मागणार. भाव देणारा कोण आहे? आपणच ना. वर्गणी गावाची, सही कमिटीची.

गौतमी पाटीलचं नाव घेतलं की लगेच संस्कृतीच्या गप्पा सुरू होतात, पण त्याच वर्षी तिचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि फिरवला, पोलिसात गुन्हा नोंदवावा लागला, तेव्हा संस्कृतीवाले किती बोलले? लाखो रुपये देऊन बोलावलेल्या बाईला सुद्धा जिथे सुरक्षित कपडे बदलता येत नाहीत, तिथे फडातल्या बायकांचं काय होत असेल याचा विचार करा. बऱ्याच गावांत त्यांना कनातीच्या मागे उघड्यावर आवरावं लागतं, बाथरूम नाही, प्यायच्या पाण्याचा टँकर उशिरा येतो, आणि दारू पिऊन कुणीतरी स्टेजच्या मागे घुसतं तेव्हा त्याला आवरायला कमिटीतलं कुणी जागेवर नसतं. सेलिब्रिटीला मात्र सरपंचाच्या बंगल्यातली एसी खोली, शाल, श्रीफळ, फेटा. हा फरक मला सहन होत नाही. फडातल्या बायका बहुतेक ज्या समाजातून येतात त्यांना पिढ्यानपिढ्या गावाने वेशीबाहेरच ठेवलं, त्यांच्या गाण्यावर शिट्ट्या मारल्या आणि सकाळी ओळख दाखवली नाही. आता तर शिट्ट्या मारायलाही आपण स्टेजवर दुसऱ्यांना आणतोय आणि यांचं पोट पण काढून घेतोय.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, स्टार आपल्याला आजच मिळालेत असं नाही. शाहीर पठ्ठे बापूराव आणि नर्तकी पवळा यांच्या जोडीचं नाव मुंबईपर्यंत गाजलं होतं. विठाबाई नारायणगावकर केवढी मोठी स्टार होती, चीनच्या युद्धाच्या वेळी जवानांसमोर जाऊन नाचली-गायली, राष्ट्रपतींकडून गौरव झाला, तिच्या नावाने आज सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. काळू-बाळू ही सोंगाड्यांची जोडी येणार म्हटलं की पंचक्रोशीतून बैलगाड्या जुंपून लोक यायचे. पण त्या स्टारच्या पाठीमागे आख्खा फड यायचा, पन्नास-शंभर चुली पेटायच्या. तो स्टार रात्रभर गावात असायचा, गावाचंच जेवायचा, बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, आपल्या सरपंचाची, सावकाराची, पाटलाची टर उडवायचा आणि सरपंच पुढच्या रांगेत बसून हसायचा. आज कुठला सेलिब्रिटी आपल्या आमदाराला स्टेजवरून दोन शब्द सुनावेल? त्याला तर आमदारानेच आणलेलं असतं. सोंगाड्या मात्र सुनावतो अजून, मी मागच्या हंगामात शेजारच्या गावात ऐकलंय, रस्त्याच्या खड्ड्यांवरून आणि कांद्याच्या भावावरून असं काय बोलला की म्हातारी माणसं टाळ्या वाजवत उठली.

विठाबाईची ती गोष्ट सगळ्यांना माहिती असेल, पोटात नऊ महिन्यांचं मूल घेऊन नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाली आणि परत स्टेजवर आली. ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो, त्याग वगैरे म्हणतो. मला त्यात अभिमानापेक्षा लाज जास्त वाटते, की त्या बाईवर ती वेळ का यावी. पण त्याच गोष्टीत पुढे असं सांगतात की प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला. माणूस समोर आहे, त्याला त्रास होतोय, हे त्या लोकांना दिसत होतं. आज स्टेजसमोरची गर्दी खुर्च्या मोडते, झाडावर चढते, शाळेच्या पत्र्यावर चढते, पोलिसांच्या काठ्या खाते, आणि समोरची बाई चक्कर येऊन पडली तर आधी फोनच वर होतील अशी मला भीती वाटते.

आता तुमच्या अडचणी. त्या खऱ्या आहेत, मी मान्य करतो. पहिली म्हणजे वेळ. रात्री दहानंतर स्पीकर बंद, वर्षातले ठराविक पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं एवढंच, आणि तमाशाचा वग तर पूर्वी मध्यरात्रीनंतर रंगायचा. सेलिब्रिटी शो आठ ते दहा मध्ये बसतो, तमाशा बसत नाही. मग पालखी थोडी अलीकडे घ्या, साडेसहाला गणाला सुरुवात करा, फडमालकाला आधीच सांगा की गण-गौळण-बतावणी आवरती घ्या पण वग पूर्ण झाला पाहिजे, आणि उरलेलं सकाळच्या हजेरीला ठेवा. दिवसा कोण बघणार असं म्हणाल तर हजेरीला झाडाखाली बसलेली म्हातारी माणसं आणि लहान पोरं बघा, ते बघतात, मन लावून बघतात.

दुसरी अडचण तुम्ही नेहमी सांगता की तमाशात पण आता तीच सिनेमाची आणि रीलची गाणी वाजतात, मग वेगळं काय राहिलं. बरोबर आहे, पण ते कुणामुळे? पुढच्या रांगेतली पोरं नोटा दाखवून तीच फर्माईश करतात, वग सुरू झाला की ओरडतात, दगड मारतात. फडमालकाला सुपारी पुढच्या वर्षी पण पाहिजे असते, तो वाजवतो. कमिटीने एकदा स्टेजवर उभं राहून माइकवर सांगितलं की फर्माईश अर्धा तास, मग वग, आणि वगात कुणी गोंधळ घातला तर आम्ही उठवणार, तर फडवाले जीव ओतून वग करतील. वग लिहिणारी, वग करणारी माणसं अजून आहेत हो, त्यांना बघणारी माणसं पाहिजेत.

तिसरी अडचण बायकांची. आमच्या बायका-मुली तमाशाला बसत नाहीत, सेलिब्रिटी नाइटला बसतात, असं आमच्याकडे सांगितलं गेलं. हा मुद्दा मला पटतो. तमाशा वर्षानुवर्षं पुरुषांचाच राहिला ही त्याची फार मोठी उणीव आहे आणि ती आपण भरून काढू शकतो. बायकांना बसायला वेगळी, उजेडाची जागा करा, बचत गटाच्या महिलांना व्यवस्थेत घ्या, दारू पिऊन येणाऱ्याला आत सोडू नका. व्हीआयपी खुर्च्यांचा कंपाउंड करता येतो तर हा पण करता येईल. आणि ज्या गावात पंचवीस बायका पुढे येऊन बसतात ना, तिथे दंगा आपोआप कमी होतो.

पैसे. मी असं म्हणत नाही की सेलिब्रिटी आणूच नका. ज्यांना आणायचंय, ज्यांना वाढदिवसाला आणि निवडणुकीच्या आधी स्वतःचा फोटो तिच्या शेजारी छापायचाय, त्यांनी स्वतःच्या खिशातून आणावं, दुसऱ्या दिवशी आणावं. गावच्या घरटी वर्गणीतून नको. त्या वर्गणीत विधवा बाईचे पाचशे असतात, ऊसतोडीवरून आलेल्या माणसाचे हजार असतात, ते त्यांनी देवासाठी आणि गावासाठी दिलेले असतात. यात्रा झाल्यावर जमाखर्चाचा फलक देवळाच्या भिंतीवर लावा, त्यात कलाकारांना किती गेले, मंडपाला किती, अन्नदानाला किती, आखाड्याला किती, सगळं लिहा. बऱ्याच गावांत हा फलक पूर्वी लागायचा, आता ग्रुपवर एक अस्पष्ट फोटो येतो, तोही बऱ्याचदा येत नाही.

आणि सुपारी ठरली की मोडू नका. हे मी कळकळीने सांगतोय. नारायणगावात वहीवर तिथी लिहून, पाच-दहा हजार विसार देऊन येतात, आणि मग चार दिवस आधी फोन करून सांगतात की आम्हाला अमुक रीलस्टारची तारीख मिळाली, तुमचं कॅन्सल. तोपर्यंत त्या फडाने त्या तिथीला आलेल्या बाकीच्या गावांना नाही म्हटलेलं असतं, पुनवेची रात्र शंभर माणसं रिकामी बसतात. तसंच खेळ झाल्यावर पहाटे पैसे द्यायच्या वेळी खजिनदार सापडत नाही, मग दहा-वीस हजार कमी घ्या म्हणून घासाघीस. सेलिब्रिटीचा मॅनेजर गाडीतून उतरायच्या आधी सगळे पैसे खात्यावर घेतो, त्याला कुणी एक रुपया कमी देत नाही. फडालाही तसेच द्या, खेळाच्या आधी अर्धे आणि वग संपला की उरलेले, ऑनलाइन द्या म्हणजे भानगडच नाही.

तरुण मंडळाच्या पोरांना शेवटचं सांगणं. तुमच्यातली निम्मी पोरं मस्त व्हिडिओ काढतात, एडिट करतात, मी बघतो ना सगळ्यांच्या रील. मग यंदा एक काम करा, फड सकाळी गावात आला की तंबू लागण्यापासून सगळं शूट करा, विचारून करा, बायकांच्या बाजूला फोन नेऊ नका. ढोलकीवाल्याशी बोला, त्याने कुणाकडून हात शिकला ते विचारा, सोंगाड्याशी बोला, त्याच्या फडाचं आणि त्याचं नाव टाका, नंबर त्याला चालत असेल तर टाका. तुमच्या एका रीलने पुढच्या हंगामात त्या फडाला चार सुपाऱ्या जास्त मिळतील. सेलिब्रिटीच्या रीलला आधीच लाखो लाइक आहेत, तिथे तुमच्या व्हिडिओची गरज कुणालाच नाही.

एका फडाची एक रात्र, पूर्ण पैसे, बंदिस्त खोली आणि बाथरूम, वेळेवर जेवण. एवढं यंदाच्या ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. मी आमच्या गावच्या बैठकीला हे मांडणार आहे, तुमच्या गावात कुणी वर्गणीदार उठून हेच बोलला तर त्याला खाली बसवू नका, पुरतं ऐकून घ्या. आणि नारायणगावला जाणार असाल तर शक्यतो पाडव्याच्याच दिवशी जा, नंतर चांगल्या तिथी उरत नाहीत.

आपला,
खेड तालुक्यातला एक वर्गणीदार